दारावरनं वाजत जाताना

"बसून वाजतंय व्हय कुठं?" नानांनी ट्रम्पेट मांडीवर आडवा टाकला आणि फिरोजकडं असं बघितलं, जणू त्यानं त्यांना पाटावर बसवून पोहायला सांगितलं होतं.

मिरजेतला तो स्टुडिओ थंडगार होता, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या. आमच्या बँडची माणसं खुर्च्यांवर ओळीनं बसलेली, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी. सकाळपासून तेच एक गाणं चाललं होतं. सूर चुकत नव्हता, ठोका चुकत नव्हता, आणि तरी गाणं उठून उभं राहत नव्हतं.

"नाना, फंक हाय हे," फिरोज म्हणाला. "ह्यात पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी एकदम पडायचं. मग ज्यानं त्यानं मोकळं खेळायचं. पण तो पहिला ठोका," त्यानं आपल्याच छातीवर मूठ आपटली, "हितं लागला पाहिजे."

"लागंल की. पर पाय कुठायत?"

"पाय?"

"अरं लेकरा, जलमभर चालत वाजवलंय आम्ही. डावा पाय पडला की फुंक जाती. खुर्चीत बसवून तू आमचा डावा पायच काढून घेतलास."

"माझं तर दोन्ही काढलं," ढोलवाला गणपा म्हणाला. "निस्ता हाताचा उरलोय मी."

सगळे हसले. फिरोज हसला नाही. तो खाली वाकून नानांच्या पायांकडं बघत होता. खुर्चीतसुद्धा त्यांची डावी टाच हळूहळू उचलत होती, पडत होती.

फिरोज मुजावर मिरजेचाच. त्याचा मामा बोटीवर नोकरीला होता आणि त्यानं कुठल्या कुठल्या बंदरांवरून तबकड्या आणून घर भरलं होतं. त्यातल्या काळ्या अमेरिकन गायकांचे हुंकार ऐकत हा पोरगा वाढला आणि बेस गिटार वाजवायला लागला. एकदा तासगावात एका वरातीत आमचा बँड त्याच्या कानावर पडला. बिनबोलावता तो मांडवापर्यंत मागं चालत आला, पंगतीला बसला, आणि हात धुऊन नानांना म्हणाला, "तुम्ही जे वाजवता ना, त्याला तिकडं फंक म्हणतात."

नाना म्हणाले, "हिकडं सुपारी म्हणत्यात. तारीख सांगा."

मग त्यानं विचारलं, "आणि आत गातंय कोण?"

आत म्हणजे गाडीत. बँडची ढकलगाडी असते, वर कर्णे, मधे बॅटरी, आणि झिरमिळ्यांच्या पडद्याआड माईक घेऊन बसलेली बाई. ती बाई मी. वरातीतल्या लोकांना वाटायचं, रेकॉर्डच लावलीय. कित्येक लग्नांत मी गायले आणि एकाही नवरीचं तोंड मला दिसलं नाही, की माझं तिला.

"आमची सून हाय," नाना म्हणाले. "वैजयंता."

आणि पुढं काही विचारायच्या आत नाना ट्रम्पेट पुसायला लागले.

सून कुणाची, ते सांगायला हवं. बँड नानांचा. माझा नवरा भास्कर त्यांचा पुतण्या. बँडमधलं सगळ्यात मोठं पितळ, युफोनियम, तो वाजवायचा. ते पोटाशी धरून चालायचा, लेकरू धरल्यासारखं. एका लग्नाहून परतताना घाटात टेम्पो उलटला. बाकीचे खरचटून उठले. भास्कर उठला नाही. नाना पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्या दिवसापासून त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आत्तीला तोंड दाखवायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

आत्ती म्हणजे माझी सासू, इठाबाई. वाकळा शिवायची. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची आणि धावदोऱ्यानं कडेपासून मधापर्यंत फिरत जायची. टाका असा एकसारखा, की मुंगळ्यांची रांग चाललीय असं वाटावं.

आणि आमच्या धंद्याची एक रीत असते. ज्या घरात दुखवटा, त्या घरापाशी वाद्यं थांबतात. नवरदेव घोड्यावर असो, नाहीतर पुढाऱ्याची मिरवणूक असो. पितळ गप्प, कातडं गप्प. नुसती पावलं चालतात. ते दार मागं पडलं की पुन्हा सुरू. दुखवटा फिटला, हे त्याच घरच्या थोरल्या बाईनं सांगायचं असतं. तिनं उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि म्हणायचं, वाजवा. बहुतेक घरांत वर्षाच्या आत पाणी पडतं. आमचा उंबरा दुसऱ्या दिवाळीलाही कोरडाच होता.

मिरजेला निघाले तेव्हा आत्तीनं सुईवरची नजर न काढता विचारलं होतं, "कुणाच्या लग्नाचं गाणं?"

"कुणाच्याच न्हाई, आत्ती. नुसतंच गाणं. रेकॉर्ड करायचंय."

"नुसतंच गाणं असतंय व्हय कधी? कुणाचं तरी असतंयच." तिनं दोरा दातानं तोडला. "गा. गळा तुझा हाय. पर माझ्या दारावरनं वाद्य जायचं न्हाई. सांग तुझ्या नानाला."

गाणं मीच बांधलेलं. चाल फिरोजची, शब्द माझे. त्याचं नाव 'पाय थांबंना'. वरातीत लोक नाचतात तसं उड्या मारत जाणारं गाणं, पण शेवटी एक कडवं होतं. ते सरावात मी दरवेळी गिळायचे.

*पितळंचा गं सूर, ऊन झेली अंगावरी*
*वाजला दुसऱ्याच्या, कधी वाजंल माझ्या दारी*

"हे कडवं का सोडतेस, वैजूताई?" फिरोज विचारायचा.

"घसा बसतो तिथं."

"तिथंच?"

"तिथंच."

तर त्या दिवशी मिरजेच्या स्टुडिओत फिरोजनं सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "उठा. हे गाणं खोलीत व्हायचं नाही. रस्त्यावर करू. चालत. गाणं आणि व्हिडिओ एकदमच. एका दमात, मधे कुठं न तोडता."

"आन् चुकलं तर?" गणपानं विचारलं.

"तर चुकलं."

नाना उठले, दोन्ही पायांवर नीट उभे राहिले. "हे न्हाई जमलं तर मी गाडी मोडीत घालणार, फिरोज. डीजेच्या भिंतींफुडं आता आमचं कोण ऐकतंय? हे एक शेवटचं."

माझंही शेवटचंच होतं. बँड मोडला की मला बेदाण्याच्या शेडमध्ये काड्या निवडत बसायचं होतं. तिथं गायला कुणाची ना नव्हती. पण ऐकायला यंत्रंच.

व्हिडिओ काढायला फिरोजची ओळखीची मृणाल पुण्याहून आली. कॅमेरा घेऊन ती आमच्यापुढं उलटी चालणार होती आणि तिचा एक सोबती खांद्याला धरून तिला मागं वळवत नेणार होता. "वैजयंताताई सगळ्यात पुढं," ती म्हणाली. "गाडीत नाही."

"पुढं?" मी एक पाऊल मागं सरले. "तोंड दिसंल की माझं!"

"त्यासाठीच."

तिनं माझ्यासाठी टिकल्या-टिकल्यांचा चमचमता झगा आणला होता. घालून बाहेर आले तर गणपा म्हणाला, "वैजू, बाजारात जाऊ नगंस. मासळी समजून कुणीतरी किलोवर मागंल." झगा परत गेला. मग मीच भास्करचा बँडचा कोट काढला, लालभडक, खांद्यांवर सोनेरी गोंडे. मृणालला तो बघताक्षणी आवडला. पण माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या त्यात. नाना म्हणाले, कुणाकडनं तरी आत घालून घेऊ. मी तो घरी पलंगावर टाकून ठेवला. आत्तीनं तो बघितला. ज्या दिवशी व्हिडिओ काढायचा त्या सकाळी कोट खुंटीला टांगलेला होता, बरोबर माझ्या मापाचा. मला वाटलं, नानांनी शिंप्याकडनं करून कुणाच्या तरी हाती धाडला. गडबडीत विचारायचं राहिलं.

पोलीस चौकीतून परवानगी मिळाली होती ती तासगावच्या बाजारपेठेची, ती पण सकाळपुरती. गणेशाच्या देवळापासून निघायचं, पेठेतून सरळ जायचं, पुलापाशी संपवायचं. बेलवेशीची गल्ली डाव्या हाताला सोडायची. त्या गल्लीत आमचं घर.

फिरोजनं बेस गळ्यात अडकवला. त्याची वायर गाडीत, माझ्या माईकची वायर गाडीत. "एका दाव्याला बांधल्यागत झालो," नाना पुटपुटले. मग त्यांनी आमच्याकडं बघितलं, हनुवटी वर उचलली आणि डावा पाय टाकला.

काय सांगू! जे मिरजेत सबंध दिवसात उठलं नव्हतं, ते इथं पहिल्या पावलाला उठलं. खालून फिरोजचा बेस, जात्याच्या घरघरीसारखा जाड, गोल. त्यावर गणपाचा ढोल. हलगीची कडकड, सॅक्सोफोनची चावट हाक, आणि वरून नानांचा ट्रम्पेट, उन्हात धरलेल्या आरशासारखा. मी तोंड उघडलं आणि माझाच आवाज मला पहिल्यांदा बाहेरून ऐकू आला.

*आला आला गं ठोका, गेली लाज उडून*
*पाय थांबंना बाई, गेली वाट पुढून*

न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक घेऊन बाहेर आला. गिऱ्हाईक फेसासकट नाचायला लागलं. भाजीवालीनं दुधी खांद्यावर घेतला, बंदूक धरल्यासारखा, आणि आमच्याबरोबर पावलं टाकली. माड्यांवरून बायका वाकल्या. "अगं, ही तर गाडीतली बाई!" कुणीतरी ओरडलं. "व्हय गं! जित्ती हाय!" मला इतकं हसू आलं, की एका ओळीत ते तसंच्या तसं शिरलं. अजून त्या गाण्यात ते आहे. ऐका नीट.

पेठ अर्धी संपली आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा. ट्रॉलीचं चाक खड्ड्यात, मोळ्या रस्त्यावर. ह्या बाजूचं त्या बाजूला कुत्रं जाणार नाही. मृणालला पाठीमागचं दिसत नव्हतं. तिचा सोबती पुण्याचा. त्यानं मोकळी दिसली ती गल्ली धरली, मृणालचे खांदे डावीकडं वळवले आणि तिच्यामागं कॅमेरा वळला, कॅमेऱ्यामागं आम्ही.

बेलवेस.

नानांनी वाजवता वाजवता माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. थांबायला एक हात वर केला असता तरी पुरलं असतं. पण गाणं तेव्हा जसं चाललं होतं, तसं ते पुन्हा कधी चाललं नसतं, हे आम्हा सगळ्यांना अंगात कळत होतं. हात वर केला असता तर गाणं मेलं असतं. नाही केला तर आत्तीचा शब्द मोडणार होता: माझ्या दारावरनं वाद्य जायचं न्हाई.

पिठाची गिरणी मागं पडली. सार्वजनिक नळ मागं पडला. गल्ली अरुंद, त्यामुळं आवाज दोन्ही भिंतींवर आपटून दुप्पट झालेला. मग निळं दार दिसलं. अर्धं लोटलेलं.

नानांनी ट्रम्पेट ओठांवरून काढला.

कुणी खूण केली नाही. गणपाचा पंजा कातड्यावर पडला आणि तिथंच राहिला. सॅक्सोफोन, हलगी, झांज, एकाच पावलावर सगळं गप्प. फिरोजला रीत ठाऊक नव्हती. त्याचा बेस दोन पावलं एकटाच चालला, मग तोही थांबला. मृणालनं भुवया वर केल्या, पण कॅमेरा खाली घेतला नाही.

नुसती पावलं उरली. चपलांची, बुटांची, अनवाणी. चालीत. डावा, उजवा. डावा, उजवा.

रीतीप्रमाणं असंच पुढं निघून जायचं होतं. पण आमच्या दारापुढच्या गटारीवरची फरशी फुटलेली, आणि गाडीचं चाक नेमकं त्यात गेलं. माझी वायर ताणली गेली. फिरोजची ताणली गेली. पुढं जाता येईना. आणि मागं वळणं कुणाला सुचेना. आम्ही सगळे त्या दारापुढं जागच्या जागी पाय टाकत राहिलो. पाय मात्र थांबंनात.

दार उघडलं. आत्ती बाहेर आली. पदराला दोरा ओवलेली सुई टोचलेली. तिनं एकेकाकडं बघितलं, आणि मग नानांकडं.

"काय रं नाना, वाट चुकलास व्हय?"

नानांचा आवाज चोरट्या मुलासारखा निघाला. "टॅक्टर आडवा आला, वैनी. आम्ही गप जातू."

"गप?" आत्ती एक पायरी खाली आली. "आख्खी पेठ दणाणून आलास, आन् माझ्या दारात गप? दोन वरसं झाली, जो येतोय तो माझ्या दारात आला की गप. शेजारीण रेडिओ बंद करती. पाव्हणी कुजबुजत्यात. तू तर फिरकत पण न्हाईस. कान किटलं रं माझं गप ऐकून!"

"तूच म्हणली हुतीस, वैनी..."

"म्हणली हुती. मग? कुणी भांडलं व्हय माझ्याशी?"

ती वळली आणि आत गेली. दार तसंच उघडं. आता लावणार, असं मला वाटलं. आमचे पाय चालूच होते. गणपाच्या गालावरून घाम की काय ते ओघळत होतं.

आत्ती परत आली ती तांब्या घेऊन. उंबऱ्याच्या आत उभी राहिली. माझ्याकडं, म्हणजे माझ्या अंगावरच्या कोटाकडं, गोंड्यापासून गुंडीपर्यंत सावकाश बघितलं. मग तिनं तांब्या कलता केला. पाणी उंबऱ्यावर पडलं, दगडाच्या भेगेतून पायरीवर आलं, पायरीवरून माझ्या पावलांशी आलं.

"वाजवा," ती म्हणाली.

नानांनी ट्रम्पेट उचलला. ओठाला लावला. ओठच थरथरत होते, सूर कुठला निघायला! त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

मग मी गायले. वाद्य नाही, काही नाही. खाली नुसती पावलं, आणि इतके दिवस गिळलेलं ते कडवं.

*पितळंचा गं सूर, ऊन झेली अंगावरी*
*वाजला दुसऱ्याच्या, आज वाजतो माझ्या दारी*

शेवटचे शब्द बदलले, ते मी ठरवून बदलले नाहीत. ते तसेच आले.

आणि पुढचा डावा पाय पडला, त्याच्यावर सगळे एकदम पडले. ढोल, बेस, हलगी, सॅक्सोफोन, आणि नानांचा ट्रम्पेट, फाटका, ओला, पण आभाळाला भिडलेला. फिरोजनं मिरजेत छातीवर मूठ मारून दाखवलं होतं ना, तिथंच लागलं. गल्लीतली दारं धडाधड उघडली. आत्ती रिकाम्या तांब्यावर बोटं वाजवत होती आणि गणपावर ओरडत होती, "जोरात रं! जेवला न्हाईस व्हय?" गल्लीतल्या चौघांनी चाकाला खांदा दिला, गाडी उचलून बाहेर काढली, आणि आम्ही बेलवेस संपेपर्यंत नाही, तर पार ओढ्यापर्यंत वाजवत गेलो.

थांबलो तेव्हा मृणाल कॅमेरा छातीशी धरून रस्त्यातच बसली. तिचा सोबती म्हणाला, "मस्तच झालं. मधला तो गॅप तेवढा काढून टाकता येईल."

"हात लावून बघ," फिरोज म्हणाला, "बोटं मोडीन." मग तो नानांकडं वळला. "नाना, फंकमध्ये ह्याला ब्रेक म्हणतात. सगळे थांबतात, आणि मग एकदम पडतात. मी कितीएक ऐकलेत. पण एवढा लांब ब्रेक घ्यायची छाती कुणाची बघितली नव्हती."

"छाती कुठली," नाना म्हणाले. "चाक अडाकलं हुतं."

त्या दिवशी नाना आमच्या घरी जेवले. आत्तीनं त्यांना वाढलं आणि भाकरी कमी घेतली म्हणून शिव्याही दिल्या. मी आत जाऊन कोट काढला. उलटा करून दोरीवर टाकायला गेले, तर आतली शिवण दिसली. शिंप्याची मशीनची टीप नव्हती ती. हातचा धावदोरा होता. बगलेपासून कमरेपर्यंत, दोन्ही बाजूंना, मुंगळ्यांच्या रांगेसारखा एकसारखा.

मी बाहेर आले. आत्ती ताटं उचलत होती.

"आत्ती, कोट..."

"सैल हुता," ती म्हणाली. "कॅमेऱ्यात वंगाळ दिसला असता."

गाणं फोनाफोनांतून गेलं. तासगावातून सांगलीला, सांगलीतून कुठं कुठं. अर्ध्या दाढीचं ते गिऱ्हाईक तर आमच्याइतकंच प्रसिद्ध झालं. गाडी मोडीत गेली नाही. तिला नवी चाकं लागली, पडदा मात्र मी काढून टाकला.

गेल्या हिवाळ्यात पुण्याला एका मोठ्या मैदानावर आमचा कार्यक्रम होता. नजर पोचेल तिथवर डोकी. कोट तोच. आम्ही मंचावरसुद्धा उभे राहत नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत वाजवतो. 'पाय थांबंना' सुरू झालं, ते जिथं थांबतं तिथं आलं आणि आम्ही थांबलो. अख्खं मैदान थांबलं. लोकांना पाठ होतं ते. अंधारात हजारो पावलं जागच्या जागी पडत होती. डावा, उजवा. जमिनीतून ते माझ्या टाचांत चढत होतं.

मग एका टोकाकडून हाक उठली आणि मैदानभर पसरली. "वाजवा! वाजवा! वाजवा!"

आत्ती पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर अर्धी वाकळ. तिला अलीकडं कमी ऐकू येतं. तिनं कानामागं हात धरला आणि खालून मला विचारलं, "काय म्हंत्यात गं ही माणसं?"

मी माईक बाजूला केला. "वाजवा म्हंत्यात, आत्ती!"

"मग वाजवा की," ती म्हणाली. "कुणाची वाट बघताय?"